बाबांना परवडलेलं घर मुलाला का परवडत नाही? मुंबईतल्या सरकारी घरांचं काय झालं

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. प्रश्नकर्त्याचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना विक्रोळीच्या कन्नमवार नगर या सरकारी वसाहतीत छोटं घर, म्हणजे गाळा, मिळाला आणि त्याचे हप्ते पगारातून फिटलेसुद्धा. मुलगा आज खासगी बँकेत आहे, नवरा-बायको दोघंही कमावतात, तरी त्याच वसाहतीतल्या नव्या टॉवरमधलं वन बीएचके त्यांच्या आवाक्यात नाही. म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, सोडतीत अनेकदा अर्ज केले, नाव लागलं नाही. सरकारनं घरं बांधणं सोडून दिलं का, दिलं असेल तर का, आणि आता आम्ही काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी वास्तुविशारद आहे. जुन्या म्हाडा वसाहतींमधल्या सोसायट्यांचे पुनर्विकासाचे व्यवहार्यता अहवाल करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा विषय मला धोरणाच्या कागदांपेक्षा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतल्या हिशेबांतून जास्त कळलाय. माझं मत आधीच सांगून टाकते. मुंबईत सरकारकडे पैसा नव्हता किंवा जमीन नव्हती म्हणून सरकारी घरं आटली नाहीत. सरकारनं घरं बांधायचं सोडून एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण, वाटायला सुरुवात केली, म्हणून ती आटली. तेव्हापासून स्वस्त घर हे महाग घराचं उपउत्पादन झालं. महाग घर विकलं गेलं तरच स्वस्त घर उभं राहतं, आणि तेही बिल्डरच्या हिशेबात बसेल तिथे, बसेल तेवढंच.

पूर्वी सगळं आलबेल होतं असं मात्र समजू नका. सरकारी गृहनिर्माण मंडळाची घरं कधीच गरजेएवढी नव्हती. २०११च्या जनगणनेत मुंबईतली सुमारे ५२ लाख माणसं, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त, झोपडपट्टीत राहत होती. ती काय एका रात्रीत तिथे गेली नाहीत. पण तुमच्या बाबांसारख्या कायम नोकरीतल्या माणसाला एक रस्ता होता, आणि तो बऱ्यापैकी चालता होता.

त्याच्याही आधीचा रस्ता भाड्याचा. १८९६ला प्लेग आला, १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यातून बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. १९२०मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी झाल्या. १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक, सगळं भाड्यानं. खासगी मालकांच्या चाळीही भाड्याच्याच. त्या काळी मुंबईत कामगारानं घर 'विकत' घ्यायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मग १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, पण भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली गेली आणि ती तशीच दशकानुदशकं राहिली. भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकांनी लक्ष काढून घेतलं. भाड्यानं देण्यासाठी नवं बांधणं तर संपलंच. उरली ती पागडी, म्हणजे मोठी रक्कम आधी मोजून भाडेकरू व्हायची पद्धत. पुढे इमारती कोसळायला लागल्या, म्हणून १९६९मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. तेव्हाच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती होत्या साडेएकोणीस हजारांहून जास्त. परवडणाऱ्या घरांबद्दल बोलताना लोक थेट मालकीच्या घरावर येतात. पण मुंबईत आधी मेला तो भाड्याचा पर्याय, आणि तो मेल्यामुळे गरीब, मध्यम, नवखा, निवृत्त, सगळेच मालकीच्या एकाच रांगेत येऊन उभे राहिले.

त्या रांगेसाठी सरकारनं दुसरी खिडकी उघडली होती. १९४८मध्ये गृहनिर्माण मंडळ झालं, १९५२पासून औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी केंद्राची अर्थसाहाय्याची योजना आली, १९७०मध्ये घरांसाठी कर्ज देणारं केंद्राचं हुडको आलं. विक्रोळीचं कन्नमवार नगर, चेंबूरचं टिळक नगर, घाटकोपरचं पंतनगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, अंधेरीचं डी. एन. नगर, गोरेगावचं मोतीलाल नगर, काळाचौकीचं अभ्युदय नगर, या वसाहती त्यातल्या. १९७६च्या कायद्यानं वेगवेगळी मंडळं एकत्र आणून १९७७ला म्हाडा झालं. काही ठिकाणी मंडळानं घरं न बांधता सहकारी संस्थांना भूखंड दिले. वांद्रे पूर्वेला कारकून, पत्रकार, लेखक मंडळी राहू शकली ती अशा सहकारी संस्थांमुळे.

तुमच्या बाबांचा गाळा स्वस्त का होता, याचं उत्तर अगदी साधं आहे. जमीन सरकारनं उपनगरात शेताच्या, माळरानाच्या भावानं घेतली होती आणि तिची किंमत घराच्या किमतीत जवळजवळ धरलेलीच नव्हती. गाळा छोटा, मजले चार, लिफ्ट नाही, पार्किंग नाही. नफा नाही. आणि पैसे भाडेखरेदी पद्धतीनं फेडायचे, म्हणजे राहता राहता हप्ते भरायचे आणि ते फिटले की घर आपलं. यात एकच कळीची गोष्ट होती: जमिनीचा बाजारभाव हिशेबाबाहेर ठेवलेला.

१९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा हेच मोठ्या प्रमाणावर करायला निघाला होता. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवायची नाही, उरलेली सरकारला द्यायची. झालं उलटंच. मालक कोर्टात गेले, जमिनी अडकल्या, आणि कलम २०च्या सवलतीखाली 'दुर्बल घटकांसाठी घरं बांधतो' म्हणून परवानग्या सुटल्या. त्यातली किती घरं खरोखर दुर्बलांना गेली, हे त्या काळात काम केलेल्या कुणालाही विचारा. आधी हसेल, मग विषय बदलेल. २९ नोव्हेंबर २००७ला महाराष्ट्रानं तो कायदा रद्द केला, कारण केंद्राच्या शहर विकास निधीसाठी ती अट होती. कायदा वाईट राबवला गेला हे खरंच. पण तो गेला तेव्हा त्याच्या जागी जमीन मिळवण्याचं दुसरं काहीही ठेवलं नाही.

या सगळ्यात एक प्रयोग मला आजही मनापासून आवडतो: चारकोप आणि गोराई. १९८५च्या सुमाराला जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं तिथे घरं न बांधता आखलेले छोटे भूखंड दिले. २५, ३०, ४० चौरस मीटरचे. पाणी, गटार, रस्ता सरकारचा. घर ज्याचं त्यानं जमेल तसं बांधायचं. तीसेक कुटुंबांची एक सोसायटी आणि मध्ये सामायिक अंगण. आज चारकोपच्या सेक्टरांमधून चालत जा. बैठी घरं, दोन मजली, कुणाचं दुकान खाली, कुणी वरचा मजला भाड्यानं दिलाय. कुणाच्याही महागड्या फ्लॅटच्या विक्रीवर ही घरं अवलंबून नव्हती. योजना संपली आणि पुन्हा त्या प्रमाणात झाली नाही. का, तर त्यात कुणाला फारसं कमवायला नव्हतं. हे माझं मत आहे, पण ठाम आहे.

१९९१पासून गाडीनं रूळ बदलले. केंद्राचं धोरणही त्याच सुमाराला म्हणू लागलं होतं की सरकारनं बांधकाम करू नये, बांधणाऱ्यांना वाट करून द्यावी. मुंबईच्या नव्या विकास नियंत्रण नियमावलीत जुन्या चाळींसाठी ३३(७), म्हाडा वसाहतींसाठी ३३(५), झोपड्यांसाठी ३३(१०) असे नियम बसले. १९९५मध्ये चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांची घोषणा झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. त्या आकड्याच्या जवळही आपण अजून पोचलेलो नाही. सगळ्या नियमांचं सूत्र एकच: राहणाऱ्याला मोफत मोठं घर, त्यासाठी बिल्डरला जादा एफएसआय, आणि त्या जादा एफएसआयवर बांधलेले फ्लॅट खुल्या बाजारात. सरकारच्या खिशातून एक रुपया जात नाही, हे तेव्हा फार अभिमानानं सांगितलं जायचं.

तो रुपया जातो कुठून, हे मी सभेत फळ्यावर लिहून दाखवते. इथेही दाखवते, आकडे ढोबळ आहेत, पण उपनगरातल्या म्हाडा सोसायटीला जवळपास लागू पडतील.

समजा भूखंड १,००० चौरस मीटरचा, सभासद ४०. एफएसआय ३, त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे वाढीव एफएसआय. एकूण बांधकाम क्षेत्र सुमारे ४३,५०० चौरस फूट. सभासदाला ५०० फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, द्यायचं ठरलं, तर ४० घरांत २०,००० कार्पेट, म्हणजे बांधीव सुमारे २२,००० फूट गेलं. विक्रीला उरलं २१,५००, त्याचं कार्पेट साडेएकोणीस हजार. आता खर्च. पार्किंग, जिने, लिफ्ट धरून प्रत्यक्ष बांधकाम सुमारे ६५,००० फूट. ४,००० रुपये दरानं २६ कोटी. सभासदांचं तीन वर्षांचं भाडं, महिना ३०,०००नं, सव्वाचार कोटी. कॉर्पस, म्हणजे सभासदांसाठीचा एकरकमी निधी, आणि सामान हलवणं, दोन कोटी. म्हाडा आणि महापालिकेला जादा एफएसआय वगैरेंसाठी भरायचं अधिमूल्य आणि शुल्क, साडेसात कोटी धरा. व्याज, विक्री, कार्यालय, सहा कोटी. बेरीज साधारण ४६ कोटी. हे सगळं साडेएकोणीस हजार फुटांतून वसूल करायचं. दर येतो फुटाला साडेतेवीस हजार. म्हणजे ४५० फुटांचं वन बीएचके, नफ्याचा एक पैसाही न धरता, एक कोटी पाच लाखांच्या पुढे.

आणि या हिशेबात जमिनीची किंमत शून्य आहे! जमीन म्हाडाचीच. ज्या जमिनीवर सरकारनं १९७०-८०मध्ये कंडक्टरला परवडेल असं घर बांधलं, त्याच जमिनीवर आज त्याच्या मुलाला कोटीच्या खाली घर मिळू शकत नाही, कारण नव्या खरेदीदाराच्या फ्लॅटनं जुन्या सभासदाचं घर, त्याचं भाडं, सरकारचं अधिमूल्य आणि बिल्डरचं व्याज, एवढं सगळं खांद्यावर घेतलेलं आहे. निव्वळ बांधकामाचा विचार केला तर तेच घर तीस-पस्तीस लाखांत उभं राहतं. मधली तफावत म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

सभासदांना मी दोष देत नाही. पडक्या इमारतीत, गळक्या छताखाली त्यांनी दिवस काढलेत, त्यांना चांगलं घर मिळायलाच हवं. पण तो खर्च सरकारनं न उचलता पुढच्या खरेदीदारावर टाकला, आणि तो पुढचा खरेदीदार बहुतेक वेळा त्याच वसाहतीत वाढलेला मुलगाच असतो.

गिरण्यांच्या जमिनी ही तर हातची गेलेली सर्वांत मोठी संधी. १९९१च्या नियम ५८प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची, शेड उभ्या असलेल्या जमिनीची नाही. गिरणीत मोकळी जमीन ती किती असणार? उच्च न्यायालयानं २००५मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये मान्य केला, आणि म्हाडाचा वाटा आक्रसून गेला. २०१२ला गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत निघाली तेव्हा घरं होती ६,९२५, प्रत्येकी २२५ फुटांची. अर्ज होते जवळपास दीड लाख. लालबाग-परळला जाऊन मान वर करून पाहिलं की उरलेल्या जमिनीचं काय झालं ते दिसतं.

सोडतीतली घरं महाग का, याचंही मूळ इथेच आहे. म्हाडाच्या सोडतीत दोन जातीची घरं असतात. काही म्हाडानं स्वतः बांधलेली, काही बिल्डरांकडून ३३(५), ३३(७) वगैरेंखाली हिश्शाला आलेली. स्वतः बांधलेलं कसं असतं बघा: २०२३च्या सोडतीत गोरेगाव पहाडीला अत्यल्प गटाची १,९४७ घरं होती, किंमत तीस लाखांच्या आसपास. हिश्शाला आलेलं कसं असतं? त्याच सोडतीत ताडदेवचा फ्लॅट सुमारे साडेसात कोटींना होता. म्हाडाच्या जाहिरातीत साडेसात कोटी! कारण अशा घरांची किंमत रेडी रेकनरला, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या मालमत्तेच्या दरांना, बांधलेली. २०२४च्या सोडतीत हिश्शाला आलेल्या ३७० घरांच्या किमती १० ते २५ टक्के कमी कराव्या लागल्या, यातच सगळं आलं. त्या वर्षी घरं २,०३०, अनामत भरलेले अर्जदार लाखाच्या वर.

उत्पन्न मर्यादेचा हिशेबही जुळत नाही. मुंबईत अत्यल्प गट म्हणजे कुटुंबाचं वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न, महिना पन्नास हजार. बँक फार तर पंचवीस हजारांचा हप्ता बसवेल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज त्यात २८-२९ लाखांचं होतं. म्हणजे मर्यादेच्या अगदी वरच्या टोकाला असलेला माणूस गोरेगावचं घर कसंबसं घेऊ शकतो. पंतप्रधान आवास योजनेत तर आधी मर्यादा तीन लाखांची होती; महिना पंचवीस हजारवाल्यानं तीस लाखांचं घर घ्यायचं. ती मुंबई महानगरासाठी सहा लाखांवर नेली, तेव्हा कुठे अर्ज करणं शक्य झालं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं २०२५च्या सुरुवातीला जाहीर केलेल्या किमतीही २५ लाखांपासून ९७ लाखांपर्यंत होत्या. केंद्राच्या जीएसटी सवलतीत तर परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांच्या आतलं आणि महानगरात ६० चौरस मीटरपर्यंतचं. विक्रोळीत ४५ लाखांत काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

जिथे स्वस्त मिळतं तिथे राहता येत नाही, ही दुसरी बाजू. विरार-बोळींजला म्हाडाच्याच कोकण मंडळाची हजारो घरं सोडती होऊनही पडून राहिली, कारण पाण्याची बोंब होती. सूर्या धरणाचं पाणी आल्यावर ती खपायला लागली.

आणखी एक गळती आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती सगळ्यांच्या फायद्याची आहे. म्हाडाचं घर लागलं की पाच वर्षं विकता येत नाही. सहाव्या वर्षी बाजारभावानं विका. सरकारनं सवलतीत दिलेलं घर तिथून कायमचं बाजारात जातं, पुढच्या गरजवंताला मिळत नाही. लोक मला नेहमी सिंगापूरचा दाखला देतात, की तिथे ऐंशी टक्के लोक सरकारी घरात राहतात, मग आपल्याला का जमत नाही. तिथे जमीन सरकारची राहते, घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतं, आणि घरं बांधणं कधी थांबलेलं नाही. आपण उलट दिशेला चाललोय. बीडीडीच्या भाडेकरूंना ५०० फुटांची मालकीची घरं मोफत मिळतायत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. तीन-तीन पिढ्या १६० फुटांत काढलेल्या लोकांना ते घर मिळालंच पाहिजे होतं. पण शंभर वर्षं सरकारच्या मालकीची असलेली भाड्याची घरं त्यासोबत संपत चाललीयत, आणि त्यांच्या बदल्यात एकही नवं भाड्याचं सरकारी घर उभं राहत नाहीये. आज गावाहून येणाऱ्या परिचारिकेनं, डिलिव्हरीवाल्या पोरानं कुठे राहायचं, याचं उत्तर मला प्रत्यक्षात कुठे दिसत नाही.

आता तुमचं काय.

सोडतीत अर्ज करत राहा, पण त्यावर आयुष्य टांगू नका. वडिलांच्या नावावर घर आहे म्हणून तुम्ही बाद होत नाही. अट आहे ती तुमच्या, जोडीदाराच्या आणि अल्पवयीन मुलांच्या नावावर त्या पालिका हद्दीत घर नसण्याची. अधिवासाचा दाखला गेल्या पाच वर्षांतला लागतो, तो आधीच काढून ठेवा. दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं जातं. ते बारा लाखांच्या पुढे असेल तर तुम्ही उच्च गटात जाता, आणि तिथली बहुतेक घरं हिश्शाला आलेली, म्हणजे महाग. सोडतीत प्रत्येक ठिकाणच्या घरांना संकेत क्रमांक असतो; त्या क्रमांकाच्या घरांना आदल्या खेपेला किती अर्ज आले होते ते पाहून मगच अर्ज करा. आणि 'साहेबांशी ओळख आहे' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका, सोडत संगणकावर होते.

कोकण मंडळाची 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' घरं पाहायची असतील तर संध्याकाळी सातला तिथे जा आणि सकाळची कुठली लोकल पकडता येईल ते राहणाऱ्यांनाच विचारा.

तुमच्या कुटुंबाची खरी संधी मात्र बाबांच्या गाळ्यात आहे. इमारत अजून जुनीच असेल तर पुनर्विकास येईलच. तोपर्यंत भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव कुणाचं, नामनिर्देशन भरलंय का, गाळा मूळ मालकाकडून विकत घेतलेला असेल तर हस्तांतर म्हाडाकडे नोंदलंय का, सोसायटीच्या नावावर भाडेपट्टा आणि विक्रीखत झालंय का, हे तपासा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर निर्णय होतो, त्यामुळे सभेला गैरहजर राहून नंतर कुरकुर करण्यात अर्थ नाही. क्षेत्रफळ लिहून घेताना रेरा कार्पेट, म्हणजे रेरा कायद्याच्या व्याख्येतलं कार्पेट, लिहून घ्या. 'फुटांत' एवढंच लिहिलं तर भांडण ठरलेलं. वैयक्तिक करार नोंदणीकृत हवा, बँक हमी हवी, आणि घर रिकामं करण्याआधी निदान वर्षाचं भाडं हातात हवं.

आणि बिल्डरच्या सादरीकरणात जो प्रश्न कुणी विचारत नाही तो तुम्ही उभं राहून विचारा: बावीस मजल्यांच्या टॉवरचा महिन्याचा देखभाल खर्च किती येणार? चार मजली इमारतीत बाबा आज काही शे रुपये भरतात. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक पार्किंग आणि सुरक्षारक्षक धरून तो पाच-सहा हजारांवर जातो, शिवाय घर ५०० फुटांच्या वरचं असेल तर मालमत्ता कर. मोफत मिळालेला फ्लॅट विकून बदलापूरला गेलेली निवृत्त मंडळी मी बरीच पाहिलीत, आणि त्यातल्या बहुतेकांना हाकलून दिलं ते या मासिक बिलानं. म्हणून कॉर्पस सभासदांना रोख वाटून घेऊ नका. तो सोसायटीच्या नावानं मुदत ठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून देखभाल भागेल, एवढा मागा, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.